घोड्याचा ट्रेलर ओढायला कोणता ट्रक घ्यावा? (टेक्सास)

अबोली_फ्रिस्को

नमस्कार मंडळी. इथे घोडे पाळणारे, निदान घोड्यांच्या जवळ वावरणारे कुणी असतील या आशेने धागा काढते आहे.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. लेक तेरा वर्षांची. तीन वर्षांपासून ऑब्रीच्या एका तबेल्यात घोडेस्वारी शिकते आहे. गेल्या महिन्यात आम्ही तिच्यासाठी स्वतःचा घोडा घेतला. क्वार्टर हॉर्स जातीचा, नऊ वर्षांचा, स्वभावाने अगदी गरीब. कागदावरचं नाव लांबलचक आहे, घरात सगळे त्याला बदाम म्हणतात.

आजवर स्पर्धांना तिला शिकवणाऱ्या बाई त्यांच्या ट्रेलरमधून घोडे न्यायच्या. पुढच्या मोसमापासून ते आम्हाला करायचं आहे. बदामसोबत तिच्या मैत्रिणीची घोडीही असेल. दोन घोड्यांचा, तिरके उभे राहतात तसा, पुढे खोगिरं ठेवायची खोली असलेला एक वापरलेला लोखंडी ट्रेलर बघून ठेवलाय. रिकामा ३,६०० पौंड, बंपर-पुल, म्हणजे ट्रकच्या मागच्या हिचला अडकवायचा.

सध्या आमच्याकडे तीन रांगांची एसयूव्ही आहे, तिची ओढायची क्षमता ५,००० पौंड. डीलर म्हणतो हाफ-टन ट्रक (मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग) घ्या, ११,००० पौंड ओढतो, डोळे झाकून न्या. नवऱ्याला त्याच ट्रकने रोज प्लेनोला ऑफिसला जायचंय. बजेट ४५,००० डॉलरच्या आत. फोर्ट वर्थ, टायलर, वर्षातून एकदा टल्सा, एवढाच प्रवास. डीलरचं ऐकावं का?

रानवारा

अबोली, सगळ्यात आधी एक सांगते. त्या एसयूव्हीने एकदाही, तबेल्यापासून पशुवैद्याकडेसुद्धा, ट्रेलर ओढू नका. मी ओढलाय, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

आम्ही ओक्लाहोमात नॉर्मनला असतो. सात वर्षांपूर्वी अशीच सात आसनांची गाडी, भाड्याचा ट्रेलर आणि आत एकच घोडी. ट्रेलर आणि घोडी मिळून ४,३०० पौंड, गाडीची क्षमता ५,०००. कागदावर सगळं बसत होतं. आय-३५ वर आर्बकलच्या डोंगरातून दक्षिणेला उतरत होतो. बाजूने अठराचाकी गेला, त्याच्या वाऱ्याचा झोत बसला, त्याच क्षणी घोडीने आत पाय बदलला आणि ट्रेलर डुलायला लागला. आधी थोडा, मग प्रत्येक झोक्यागणिक जास्त. स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, पुढची चाकं रस्त्यावर आहेत की नाहीत असं वाटावं इतकं. आरशात एकदा ट्रेलरची उजवी बाजू दिसायची, एकदा डावी.

नवऱ्याने ब्रेक दाबला नाही म्हणून आज हे लिहू शकते. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ब्रेक कंट्रोलरची कळ अंगठ्याने हळूहळू सरकवली. त्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, त्यामुळे ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. खाली थांबलो तेव्हा घोडी घामाने भिजली होती आणि पुढचे तीन महिने ती ट्रेलरजवळ यायलाच तयार नव्हती.

गाडी ओढायला कुठे कमी पडली नव्हती. ती आखूड होती, हलकी होती, आणि मागचं वजन तिला सांभाळता आलं नाही.

किमया

रानवारा, बापरे! घोडी बचावली हे वाचून जीव भांड्यात पडला.

अबोली, मी डेट्रॉईटजवळ गाड्यांच्या चाचण्यांच्या कामात आहे. डीलर सांगतो तो ११,००० चा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या उपयोगाचा नाही. तो येतो कुठून ते सांगतो, म्हणजे तो किती मनावर घ्यायचा ते तुम्हीच ठरवाल.

ओढायची क्षमता मोजायची जे२८०७ नावाची एक पद्धत आहे. तिच्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढासारख्या चढावर ठरावीक वेग राखणं, ब्रेक, डुलणं असं बरंच काही तपासतात. पद्धत चांगली आहे. ती येण्यापूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने आकडे छापायची. पण हिशेबात ट्रकमध्ये १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात, आणि जाहिरातीत येतो तो त्या मॉडेलच्या सगळ्यात अनुकूल इंजिन-ॲक्सलच्या जोडीचा आकडा. मागच्या सीटवर बसलेली तुमची लेक, हौद्यातलं सामान, चार दारं, सनरूफ हे त्यात नसतं.

आता ट्रेलरचं वजन कुठे जातं बघा. सगळं त्याच्या चाकांवर जात नाही. बंपर-पुल ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रकच्या शेपटावर टेकलेला असतो. त्याला टंग वेट म्हणतात. हा भाग १० टक्क्यांखाली गेला की ट्रेलर डुलायला लागतो, म्हणून तो मुद्दाम कमी करता येत नाही. आणि हा सगळा भार ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रक स्वतःवर जेवढं वजन पेलू शकतो त्यातून, वजा होतो. घोडं अडतं ते इथे.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरच्या माहितीचा पिवळा-पांढरा स्टिकर असतो. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर नको, ते लिहिलेलं असतं. हा आकडा मॉडेलचा नसतो, त्या एका ट्रकचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या दिसायला तशाच ट्रकचा वेगळा निघतो. डीलरकडे जाऊन तो स्टिकर वाचा आणि इथे टाका. मग बोलू.

गावकूस

मी इंग्लंडमध्ये यॉर्कशरला असतो. एक शंका विचारतो. इथे साध्या जीपवजा गाड्यांनी लोक दोन-दोन घोडे सर्रास नेतात. डिसेंबर २०२१ पासून तर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षाही द्यावी लागत नाही. मग अमेरिकेत एवढा मोठा ट्रक कशाला?

किमया

गावकूस, रास्त प्रश्न आहे, आणि दर वेळी निघतो. तुमच्याकडचा ट्रेलरच वेगळा असतो. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर साधारण टनभर वजनाचा, चाकं बरीचशी मध्यावर, त्यामुळे गाडीवर टेकणारा भार इथल्यापेक्षा पुष्कळ कमी. आणि ट्रेलर जोडल्यावर मोटरवेवरसुद्धा ६० मैलांच्या वर जाता येत नाही. अबोलींचा लोखंडी ट्रेलर रिकामाच सोळाशे किलोंच्या वर आहे आणि टेक्सासच्या हायवेवर आजूबाजूची वाहतूक ७५ ने चाललेली असते. तुमची गाडी तुमच्या ट्रेलरला पुरते. हा ट्रेलर तिला लावला तर पुरणार नाही.

मुक्ता_ऑस्टिन

इथे थोडा विरोधी सूर लावते. सहा वर्षं हाफ-टन ट्रकने दोन घोडे नेते आहे. ऑस्टिन ते ब्रायन, सॅन अँटोनिओ, दोनदा थेट न्यू मेक्सिको. एकदाही धाकधूक झालेली नाही. मोठा ट्रक घ्यायलाच हवा असं ठोकून सांगितलं की नवी माणसं घाबरतात. तो ट्रक रोज चालवायला अवजड, पार्किंगच्या इमारतीत शिरत नाही, रिकामा असला की मागून धक्के देतो, आणि पेट्रोल पितो ते वेगळंच.

पण हेही सांगते की माझा ट्रेलर ॲल्युमिनियमचा आहे, २,५०० पौंडांचा, पुढे खोली नाही. घोडे सरळ उभे राहतात. खोगिरं ट्रकच्या मागच्या सीटवर. बहुतेक वेळा गाडीत मी एकटीच. शिवाय भार पुढच्या चाकांवर वाटून देणारा हिच लावलाय. बऱ्याच हाफ-टन ट्रकच्या हिचवर दोन आकडे असतात, असा हिच नसताना ५०० पौंड टंग वेट आणि असताना हजाराच्या वर. हा लेबलवरचा बारीक मजकूर कुणी वाचत नाही. अबोली, वाकून वाचा.

किमया

मुक्ता, पूर्ण सहमत. तुमचा हिशेब बसतो कारण तुम्ही ट्रेलर हलका घेतलात. म्हणून मी म्हणतो की आधी ट्रेलर ठरवा, तो भरल्यावर किती होतो ते काढा आणि मग ट्रक बघा. लोक उलटं करतात.

अबोली_फ्रिस्को

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डीलरकडे जाऊन दार उघडलं. ज्या ट्रकवर आमचा डोळा होता त्याचा स्टिकर: १,४४० पौंड. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, हे फक्त हौद्यातल्या सामानाचं आहे, ट्रेलरचा संबंध नाही. मी मान हलवली आणि घरी येऊन वही काढली.

ट्रेलर रिकामा ३,६००. बदाम १,१०० आणि घोडी १,०५०, दोन्ही वजनं पशुवैद्याच्या नोंदीतली. दोन वेस्टर्न खोगिरं ८०, बाकी लगाम-बिगाम ४०, गवताच्या चार गाठी २२०, पंचवीस गॅलन पाणी २१०, खुराक ५०, बादल्या-फावडी ५०. एकूण ६,४००. त्याचे १३ टक्के म्हणजे ८३०.

आता ट्रक. आम्ही तिघं ४४०, हत्यारं-कूलर वगैरे १५०, तो भार वाटणारा हिच स्वतःच ९०, टंग वेट ८३०. बेरीज १,५१०.

७० पौंड जास्त! ११,००० ओढणारा ट्रक आमचा ६,४०० चा ट्रेलर घेऊन उभा राहिला की त्याची पेलायची मर्यादा संपते. नवऱ्याने ही बेरीज तीन वेळा तपासली. खोटं वाटेल, पण आम्हाला दोघांना काल रात्री झोप लागली नाही. आम्ही पुढच्या आठवड्यात सही करणार होतो.

म्हणजे आता थ्री-क्वार्टर टन, हाफ-टनच्या वरचा वर्ग. डिझेल घ्यावं का? तबेल्यात सगळ्यांचे डिझेलच आहेत.

हिमशिखर

मी कोलोरॅडोत. माझा डिझेल आहे आणि मला दुसरं काही परवडणारही नाही, पण ते माझ्या रस्त्यांमुळे. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्क्यांनी उतरते. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, तिथे जवळजवळ एक-तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बो असलेल्या डिझेलचा दम तेवढा उखडत नाही. आणि चढण्यापेक्षा उतरणं मोलाचं. बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत मैलोनमैल तीव्र उतार. डिझेलच्या एक्झॉस्ट ब्रेकमुळे इंजिनच गाडी धरून ठेवतं, पायाखालचे ब्रेक थंड राहतात. ब्रेक जळाल्याचा तो वास एकदा नाकात गेला की माणूस उतारावर कधी घाई करत नाही.

तुमचा टायलरचा रस्ता सपाट आहे. नव्या ट्रकला डिझेलचे दहा हजार डॉलरच्या आसपास जादा पडतात. ते इंजिन जड असतं, त्यामुळे त्याच ट्रकचा पेलोड पेट्रोलवाल्यापेक्षा कित्येकशे पौंडांनी कमी भरतो. आणि रोज ऑफिसच्या छोट्या फेऱ्यांत धुराचा फिल्टर नीट तापत नाही, तुंबतो, मग खर्च. तुम्ही पेट्रोल घ्या. पुढे चार घोड्यांचा गूजनेक घेतलात तर पुन्हा विचारा. त्याचा १५ ते २५ टक्के भार थेट हौद्यात येतो, तेव्हा गणित बदलेल.

तापीकाठ

ताई, आम्ही शिरपूरचे. तुमच्या ट्रक-ट्रेलरचं आम्हाला काही सांगता यायचं नाही, पण घोडं न्यायचं म्हटलं की राहवत नाही. वडिलांपासून दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला आमचं येणं-जाणं. पंजाब, राजस्थान, गुजरातपासून जनावर येतं. आमच्याकडे ट्रेलर क्वचितच. पिकअपच्या हौद्यात घोडं उभं करतात, खाली वाळू आणि वर पाचट, म्हणजे टाप घसरत नाही. मातीच्या ओट्याला गाडी मागून लावून चढवायचं. मोतद्दार मागे घोड्याजवळ उभा.

आमचा म्हातारा मोतद्दार नव्या ड्रायव्हरला आधी मागे उभा करायचा आणि गाडी दुसऱ्याला चालवायला सांगायचा. गावाबाहेरच्या माळावर दोन चकरा. उतरला की तो ड्रायव्हर वळणावर आपोआप हळू व्हायचा, सांगायची गरज पडत नसे. तुमच्या साहेबांना तेवढं एकदा करायला लावा, मोकळ्या मैदानात आणि घोडं आत नसताना.

बदामचा रंग कोणता? कुमैत की काय?

अबोली_फ्रिस्को

दादा, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. रंग कुमैतच, चारही पाय काळे, कपाळावर चांदणी. हा शब्द तिला इतका आवडला की तिने तबेल्यातल्या त्याच्या पाटीवर देवनागरीत लिहिलाय.

टापटीप

पशुवैद्य म्हणून दोन गोष्टी. घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. तुम्ही ब्रेक मारला की तो आणखी पुढे जातो आणि तोल सावरायला त्याला हात नाहीत. चार तासांच्या प्रवासात तो चार तास पायांचं काम करत असतो. म्हणून ट्रेलरच्या ब्रेकचा जोर ट्रकमधून नीट लावता येणं हे इंजिनापेक्षा महत्त्वाचं. ट्रकसोबत आलेला कंट्रोलर उत्तम, कारण तो तुमच्या पायाच्या दाबाच्या प्रमाणात ट्रेलर थांबवतो.

दुसरं, दर तीन-चार तासांनी थांबा. पाणी दाखवा, बांधलेली दोरी सैल करून डोकं खाली घेऊ द्या. डोकं तासन् तास वर बांधलेलं राहिलं की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि प्रवासानंतर फुप्फुसांचा आजार होतो. घोडा हायवेच्या कडेला कधीही उतरवू नका. आणि टल्साला जाताना राज्याची हद्द ओलांडता, तेव्हा कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रक्ताच्या आजाराची तपासणी) अहवाल आणि आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही गाडीत हवीत. घोडे सरळ उभे राहतात अशा ट्रेलरमधून एकच घोडा नेत असाल तर इथे तो डाव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला ठेवतात, रस्ता उजव्या कडेला उतरता असतो म्हणून.

रानवारा

अबोली, ट्रक वापरलेला घेणार असाल तर खालून बघा. हिच कशाला जोडलाय, गंजलाय का. आम्ही दुसऱ्यांदा घेतलेल्या ट्रकला आधीच्या मालकाने वायरिंग स्वतः केलं होतं. दिवे लागायचे, ब्रेकची तार तुटलेली. विकणाऱ्याने 'सगळं चालू आहे' सांगितलं, आम्ही दिवे बघून विश्वास ठेवला. घरी येईपर्यंत ट्रेलरला ब्रेकच नव्हते.

ट्रेलरही तितकाच तपासा. रबराच्या चटया पूर्ण उचलायला लावा, एकही जागी सोडू नका. लाकडी फळ्यांत पेचकस खुपसून बघा, मऊ लागला तर तिथून घोड्याचा पाय रस्त्यावर जाऊ शकतो. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ट्रेलरचा टायर उभा राहूनच म्हातारा होतो. आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी छोटी बॅटरी चार्ज आहे ना, ते तार ओढून बघा.

मुक्ता_ऑस्टिन

रानवाराला +१. त्या चटया उचलायला विकणारे नेहमी कुरकुरतात. उचलल्याशिवाय पैसे देऊ नका.

अबोली_फ्रिस्को

सात आठवड्यांनी परत येते आहे. उशीर झाला, क्षमस्व.

ट्रक घेतला. २०१९ चा फोर्ड एफ-२५० (थ्री-क्वार्टर टन), ६.२ लिटर पेट्रोल, चार दारांचा, कंपनीचाच ब्रेक कंट्रोलर. दारावरचा आकडा ३,१२०. बजेटमध्ये बसला. नवरा अजून एसयूव्हीनेच ऑफिसला जातो, ट्रक फक्त घोड्यांसाठी ठेवायचं ठरवलं. ट्रेलरच्या चटया उचलल्या तेव्हा मागच्या दाराजवळच्या दोन फळ्या पेचकसाला लोण्यासारख्या लागल्या. त्या बदलून घेतल्या, टायर चारही नवे.

तापीकाठ दादा, तुमचं ऐकलं. तबेल्यामागच्या रिंगणात बाईंनी ट्रक चालवला आणि नवरा रिकाम्या ट्रेलरमध्ये, घोडा उभा राहतो तिथे, मधल्या दांड्याला धरून उभा. वेग दहा मैलसुद्धा नव्हता. पहिल्या वळणाला त्याचा खांदा भिंतीवर आपटला, आवाज मला बाहेर ऐकू आला. उतरला तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'आत कळतच नाही कधी वळणार ते.' मीही एक चक्कर मारली. खरंच कळत नाही. पत्र्याचा आवाज, पायाखालची थरथर, आणि मग अचानक जमीन बाजूला जाते. आता तो वळणाच्या आधी इतका हळू होतो की मागची गाडी हॉर्न देते, देऊ दे.

किमया, शनिवारी टायलरला जाताना ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर वजन केलं. आदल्या दिवशी आम्ही तिघं सामानासकट ट्रकमध्ये बसून फक्त ट्रक तोलून आणला होता, पुढची चाकं ४,२६०, मागची ३,२१०. दोन्ही घोड्यांसकट: पुढची ४,०८०, मागची ४,२२०, ट्रेलरची ५,५२०. म्हणजे ट्रकवर ८३० वाढले आणि ट्रेलर एकूण ६,३५०. तेरा टक्के! लेकीने गाडीतच पावती घेऊन भागाकार केला आणि ती पावती आता ट्रकच्या सनव्हायझरला खोचलेली आहे. ट्रकचे सगळे मिळून ८,३००, मर्यादा १०,०००.

वाटेत एकदा थांबलो. बदाम पाणी प्यायला नाही, घोडी प्यायली. मग बदामही प्यायला. पोहोचलो तेव्हा जाळीतलं गवत दोघांनी अर्धं संपवलं होतं आणि अंगावर घाम नव्हता.

आता ट्रेलरच्या आत कॅमेरा लावायचा आहे, वायरचा की बिनवायरचा ते ठरत नाहीये. त्यासाठी वेगळा धागा काढते. मुक्ता, तुमच्याकडे आहे ना? तिथे या.